ग्रेट ॲलेघेनी पॅसेजवर कुत्रीला नेताना

प्रश्न: अमेरिकेतल्या या वाटेवर कंबरलंड गावाहून डोंगरमाथ्यापर्यंत, साधारण 38 किमी सायकलने जायचंय. लॅब्रॅडोर 25 किलोची. सोबत पळवू की ट्रेलरमध्ये (सायकलमागे जोडायच्या गाडीत) बसवू?

उत्तर 1: ट्रेलरच घ्या. जुन्या रेल्वेची वाट, त्यामुळे चढ जेमतेम पावणेदोन टक्के. पण सलग आहे, मागचं वजन मांड्यांना कळतं. चुनखडीच्या बारीक खडीने पंजे सोलतात. अधूनमधून चालवा, पण खाली बसून बोटांमधली खडी काढा. हे विसरूच नका!

उत्तर 2: ट्रेलरच्या आतला पट्टा हार्नेसलाच (छातीभोवतीच्या पट्ट्याला) अडकवा, कॉलरला नको, तिने उडी मारली तर गळफास बसेल. वजन ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे हवं. कुत्री मागे सरकली की जोडणी वर उचलली जाते, सायकलचं मागचं चाक घसरतं.

उत्तर 3: वाटेतला बिग सॅव्हेज बोगदा किलोमीटरभर लांब, आत गारठा. पुढे-मागे दिवे लावा. हिवाळ्यात तो बंदच असतो.