मदत हवी आहे: बॉल पायथन सापाच्या मॉर्फचं (जनुकांमुळं येणाऱ्या रंग-नक्षीच्या प्रकारांचं) गणित कुणी समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातून लिहितोय. दादा नोकरीला बाहेर गेला आणि त्याचा बॉल पायथन आता माझ्याकडं आहे. सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे, नावावर करून घ्यायचं काम चालूय, त्यामुळं प्लीज वनखात्याची भीती घालू नका. हा पश्चिम आफ्रिकेतला साप आहे, आपल्याकडचा अजगर नाही, तो पाळायचा प्रश्नच येत नाही.

तर दादाच्या वहीत लिहिलंय, "पेस्टल मोहावी, ६६% पॉस हेट पाईड, मादी". यातलं मादी सोडून मला काहीच कळलं नाही. पाईड म्हणजे अंगावर पांढरे पट्टे ना? हिच्या अंगावर एक पांढरा ठिपका नाही, मग ६६ टक्के काय आहे तिचं? बाजूला गोल गोल फिकट डाग आहेत, बहुतेकांत एकच काळा टिपका, डोकं फिकट, डोळे हिरवट. पिल्लू असतानाच्या फोटोत पिवळीजर्द दिसते आणि आता मळकी तपकिरी झालीय, खाणं नीट आहे, कात पण अख्खी टाकते, मग रंग का उतरला?

दुसरं म्हणजे पुण्याचा एक जण नर देतोय, अख्खा पांढरा, डोळे निळे, म्हणतो अल्बिनो आहे, हिच्याशी जोडी लाव, पिल्लं पांढरीच येणार, गॅरंटी. वर एक स्पायडर मॉर्फचं सापाचं पिल्लू फुकट देतोय. घेऊ का?

खवले:
डोळे निळे असतील तर तो अल्बिनो नाही, विषय संपला. अल्बिनोत काळं रंगद्रव्यच नसतं, म्हणून बाहुली लाल आणि अंगावर पिवळी-पांढरी नक्षी स्पष्ट दिसते. पूर्ण पांढरा नि निळ्या डोळ्यांचा म्हणजे मोहावी, लेसर, बटर या गटातली दोन जनुकं एकत्र आलेला.

आता तुमची मादी. पेस्टल नि मोहावी ही दोन्ही जनुकं एकेरी असली तरी अंगावर दिसतात. तो एकच टिपका मोहावीचा, फिकट डोकं नि हिरवट डोळे पेस्टलचे. पेस्टल वयाबरोबर मळतोच, त्याचं टेन्शन घेऊ नका. सोलापूरकराला चादरीवरून सांगतो, जॅकार्डचं कार्ड बदललं की नक्षी बदलते, सूत बदललं की रंग. पिनस्ट्राईप, क्लाऊन ही मॉर्फ नक्षी फिरवतात, पेस्टल मुख्यतः सुतावर काम करतो.

पाईड मात्र रिसेसिव्ह. आई नि बाप दोघांकडून आलं तरच पांढरे पट्टे दिसणार, एकाकडूनच आलं तर साप हेट, म्हणजे पोटात आहे पण अंगावर नाही. दोन हेटची जोडी लावली की सरासरी चारात एक पिल्लू पाईड, दोन हेट, एक कोरं. पाईड तर दिसतंच, ते बाजूला काढा, उरलेल्या तिघांत दोन हेट. ते ६६% हेच, पॉस म्हणजे पॉसिबल, नुसती शक्यता. तुमची मादी हेट असेल किंवा नसेल, दोन तृतीयांश हेट असा साप नसतो! एक पालक अंगावर पाईड नि दुसरा कोरा असेल तर सगळी पिल्लं १००% हेट, एक हेट नि दुसरा कोरा असेल तर ५०%.

शेपटीजवळ पोटाच्या कडेच्या रेघा बघून हेट ओळखणारे पण भेटतील. मी त्यावर एक रुपया जास्त देणार नाही. आईबापाचे फोटो मागा.

उकाडा४४:
मॉर्फ राहू दे, टेंपरेचर किती ठेवताय? गरम बाजू ३१-३२, थंड बाजू २५-२६ पाहिजे. आपल्याकडं मे महिन्यात हीट मॅट नाही, कूलर लागतो. ३५ च्या वर अजिबात जाऊ देऊ नका.

धागाकर्ता:
कूलर आहे, आईपेक्षा जास्त वेळ तिच्याच खोलीत असतो. खवले दादा, मग पांढऱ्या पिल्लांची गॅरंटी खरी का खोटी?

खवले:
अर्धी खरी, आणि ती पण त्यानं सांगितलेल्या कारणानं नाही. खरंच अल्बिनो असता तर तुमच्या मादीपासून एकही पिल्लू पांढरं आलं नसतं, सगळी फक्त हेट अल्बिनो (मादी स्वतःच हेट अल्बिनो असेल तर गोष्ट वेगळी, वहीत तसं काही नाही). निळ्या डोळ्यांचा आहे म्हणून मोहावीशी जमतं, सरासरी निम्मी पांढरी. सहा अंडी असतील तर तीन धरा, पण दोनही येतील, पाचही येतील.

अजून एक गंमत, अल्बिनो नि लॅव्हेंडर अल्बिनो दोन्ही दिसायला फिके, पण जनुकं वेगळी. त्यांची जोडी लावली तर पिल्लं साध्या तपकिरी रंगाची निघतात, आणि विकणारा म्हणतो अंडी बदलली.

स्पायडर फुकट मिळाला तरी घेऊ नका. नक्षी सुंदर असते पण त्याच जनुकाबरोबर आतल्या कानाचा दोष येतो, डोकं हलतं, काहींना उंदीर धरताना नेम लागत नाही. कमीजास्त असतं, पण त्यातून सुटलेला स्पायडर मिळत नाही.

धागाकर्ता:
त्याच्याकडून जवळचा फोटो मागवला. बाहुली काळी, भोवती निळं, डोक्यावर राखाडी झाक. सुपर मोहावी का? स्पायडरला नाही सांगितलं. आमची आत्ता ९०० ग्रॅम आहे.

खवले:
राखाडी डोकं म्हणजे बहुतेक सुपर मोहावीच, म्हणजे दोन्हीकडून मोहावीचंच जनुक आलेला. पण ९०० ला जोडी लावायची नाही, दीड किलोच्या आसपास जाऊ दे. तोवर नर आणून नुसता दुसरा डबा सांभाळाल. आणि पिल्लं झाली तर त्यांची पण नोंद करावी लागते, गिऱ्हाईक शोधायच्या आधी ते बघून ठेवा.