सी अर्चिनचा काटा धरून कोण ठेवतं?

तालुक्याचा मास्तर: यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात सी अर्चिन हा अंगभर काट्यांचा समुद्री प्राणी म्हणजे बरणीतला नमुना, निम्मे काटे गळलेला. जिवंत पाहिला तो रत्नागिरीच्या सहलीत, खडकाच्या खाचेत. काट्याला हलकं बोट लावलं तर काटा झुकला. उपसायला गेलो तर काटे खडकाला असे टेकवून बसला की मोडतील, पण हलणार नाहीत. तासन् तास असं ताठ राहणं स्नायूला परवडेल? माझं मत, नाही. काट्याच्या बुडाशी उखळीचा सांधा असतो आणि भोवती दोन थर. बाहेरचा स्नायूंचा, तो काटा फिरवतो. आतला मुख्यतः कोलॅजन या चिवट, धागेदार प्रथिनाचा, तो कुलूप घालतो. आपण मात्र पोरांकडून ‘स्नायूंमुळे’ एवढंच लिहून घेतो.

शिंपलेवाला: सर, घाई होतेय. आतल्या थरातही बारीक स्नायूतंतू आहेत. ॲसिटिलकोलीन, म्हणजे मज्जातंतू निरोपासाठी सोडतात ते रसायन, दिलं की तो थर ताठतो. आणि परवडण्याचं म्हणाल तर शिंपला कवच मिटून बसतो तो स्नायूच्याच जोरावर, तेही जवळजवळ फुकटात. अर्चिनलाच वेगळा न्याय का?

तालुक्याचा मास्तर: शिंपल्याचं मान्य, परवडण्याचा मुद्दा मागे घेतो. पण ते तंतू किती? चिमूटभर. अर्चिनचाच भाऊबंद प्राणी, समुद्रकाकडी घ्या. तिच्या कातडीत स्नायू नावालाच, तरी ती घट्ट होते. पेशींतून सुटलेलं प्रथिन कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधतं. बाजेची सुतळी ओली झाली की आवळते, तिला कोणी ओढत बसलेलं नसतं.

शिंपलेवाला: सुतळी कोणाचा हुकूम ऐकत नाही, हा थर मज्जातंतूंचा ऐकतो. चिमूटभर का होईना, तंतू तिथं कशाला ठेवलेत ते सांगा. काकडीच्या कातडीवरून काट्याचा निकाल लावू नका.

बाप्पा वऱ्हाडी: काहून डोकं खाता! आमच्या पोट्ट्यानं समुद्र नाही पाह्यला, सायाळ पाह्यली. तिचे काटे कातडीखालच्या स्नायूनं उभे होतात, हे तं खरं हाय ना? मंग त्यानं याचंबी तसंच लिहिलं. त्याच्या मास्तरनं शून्य देल्ला.

तालुक्याचा मास्तर: तो मास्तर मी नव्हे. मी अर्धा मार्क दिला असता, काटा फिरवण्यापुरता.

शिंपलेवाला: मी पाऊण.