लघुशोधप्रबंधाची रूपरेषा आणि संदर्भसूची : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत समाजशास्त्रात एम. ए. करतेय, शेवटचं सत्र. लघुशोधप्रबंध मराठीत लिहायचा ठरवलाय. विषय : गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका आणि १९८२चा संप. सोमवारी गाईडना रूपरेषा आणि कच्ची संदर्भसूची दाखवायची आहे. दोन्हींत अडकलेय.

रूपरेषेचा पहिला खर्डा त्यांनी परत केला. त्यात असं होतं : विषयप्रवेश, मग मुंबईतल्या कापडगिरण्यांचा इतिहास (१८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला गिरणीची कंपनी काढली तिथपासून), मग कामगार चळवळ (नारायण मेघाजी लोखंडे, १८८४ची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन, १८९०ला मिळालेली रविवारची सुट्टी), मग चाळी, मग खानावळी, मग संप, मग निष्कर्ष. सर म्हणाले, "ही अनुक्रमणिका झाली. खानावळवालीला पाचव्या प्रकरणापर्यंत दाराबाहेर उभं केलंयस." पटलं. पण मग सुरुवात कुठून करू? इतिहास टाळला तर "पार्श्वभूमी कच्ची" म्हणून मार्क कापतील ही भीती आहेच.

संदर्भसूचीचं त्रांगडं वेगळंच. विभागात एपीए शैली (संदर्भ लिहायची एक ठरलेली पद्धत) चालते. माझ्याकडे मराठी पुस्तकं, इंग्रजी लेख, दिवाळी अंक, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि लालबाग-परळमधल्या मावशींच्या मुलाखती अशी खिचडी आहे. मराठी-इंग्रजी एकाच यादीत लावायचं की वेगवेगळं? काही जुन्या पुस्तिकांवर इसवी सन नाही, नुसतं शके आहे. एकीवर तेही नाही. मुलाखती सूचीत घालायच्या का? आणि एक मैत्रीण म्हणते की सूची लांब झाली की साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारी वाढते, म्हणून आवरती ठेव. खरं आहे का हे?

कुणी यातून गेलं असेल तर सांगा, प्लीज.

प्रतिसाद १

विषय छान आहे. ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा लांब लिहितो.

तुमच्या सरांचं बरोबर आहे. तुम्ही विषय काळाच्या क्रमाने मांडलात, म्हणून तो १८५४ पासून सुरू झाला. आधी एक प्रश्न लिहून काढा, एकाच वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला. उदाहरणार्थ : संप सुरू झाल्यावर पगार थांबले, पुष्कळ कामगार कोकणात नि घाटावर आपापल्या गावी गेले, तेव्हा त्यांच्या जेवणावर ज्यांचं घर चालत होतं त्या बायकांनी काय केलं? आता प्रत्येक प्रकरणाला विचारा की या प्रश्नाच्या उत्तरात तुझा वाटा कोणता. लोखंड्यांचं प्रकरण बहुधा गप्प बसेल. त्यांना विषयप्रवेशात दोन परिच्छेद द्या, पुरे. पार्श्वभूमी म्हणजे तुमचा प्रश्न समजायला वाचकाला जेवढं लागतं तेवढंच.

उलट एक मुद्दा तुमच्या खर्ड्यात नाहीच. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, म्हणजे सावकाराचा पाश जरा सैल झाला. संपाच्या सात वर्षं आधीची ही गोष्ट. मंडळातल्या आणि मंडळाबाहेरच्या बायकांनी संपाचा काळ सारखाच काढला का? माझ्या मते तुमचं सगळ्यात जोरकस प्रकरण इथे आहे.

दुसरं, रूपरेषा आणि संदर्भसूची ही दोन वेगळी कामं समजू नका. रूपरेषेतल्या प्रत्येक उपमुद्द्यापुढे कंस करा आणि तो मुद्दा कशाच्या आधारावर लिहिणार ते कंसात टाका : अमुक पुस्तक, पान इतकं, तमुक मुलाखत. जो कंस रिकामा राहील तिथे तुम्हाला अजून वाचायचंय किंवा कुणाला तरी भेटायचंय. सूचीतली जी नोंद एकाही कंसात बसत नाही ती काढून टाका, ती नुसती शोभेची आहे. गाईडसमोर असा कागद ठेवलात की चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

आता तुमचे बारीक प्रश्न.

प्रबंध मराठीत असेल तर मराठी आणि इंग्रजी असे दोन विभाग करा, आधी मराठी. एपीएचा मूळ नियम इंग्रजी लेखनासाठी आहे. त्यात मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहून चौकोनी कंसात त्याचं भाषांतर देतात. मराठी प्रबंधात तो खटाटोप कशाला? मात्र विभागाची लेखी सूचना असेल तर तीच पाळा. सातव्या आवृत्तीपासून एपीएने प्रकाशनाचं गाव देणं बंद केलं, तरी आपल्याकडचे बरेच परीक्षक 'मुंबई' शोधतात. सरांना आत्ताच विचारून घ्या.

शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. शके १८९७ची विजयादशमी १९७५ मधली, त्याच शकाचा फाल्गुन १९७६ मधला. म्हणून प्रस्तावनेच्या शेवटी तिथी छापलीय का ते बघा, जुन्या पुस्तकांत ती बहुतेकदा तिथे सापडते. काहीच नसेल तर 'वर्ष नमूद नाही' असं लिहा, अंदाजपंचे आकडा ठोकू नका.

तुम्ही स्वतः घेतलेल्या मुलाखती एपीएप्रमाणे संदर्भसूचीत येत नाहीत, कारण ती तुमच्याच संशोधनाची सामग्री आहे. त्यांची परिशिष्टात वेगळी यादी करा : क्रमांक, ठिकाण, तारीख, आणि मावशींनी परवानगी दिली असेल तरच नाव.

टक्केवारीची भीती सोडा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्या तपासणीतून वगळायची असतात, आणि उरलेल्या मजकुरात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. सूची छाटून उपयोग शून्य. संदर्भ न देता उतरवलेला परिच्छेद मात्र नडतो.

प्रतिसाद २

वरच्या काकांशी सहमत. माझी थोडी भर.

झोटेरो वापरा, संदर्भ साठवून त्यांची सूची लावून देणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. पुस्तक हातात असतानाच नोंद करा, नंतर पान क्रमांक शोधायला पुन्हा दादर गाठायला लागतं. फक्त शेवटी यादीचा क्रम डोळ्यांनी तपासा. संगणक बऱ्याचदा 'ळ'ला 'ल'च्या मागोमाग बसवतो, म्हणजे काळे आधी आणि कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, तेव्हा कावळे आधी हवेत. क्षीरसागर 'क'मध्ये घ्या की अगदी शेवटी, पण पूर्ण सूचीत एकच पद्धत ठेवा.

जुन्या मराठी पुस्तकांचा तपशील अडला तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' बघा. १८०० ते १९५० एवढा काळ दोन भागांत आहे. तुमचा विषय त्यानंतरचा, पण १९५०च्या आधीच्या पुस्तिकांना कामी येईल. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रंथालय आणि कलिन्याचं विद्यापीठाचं ग्रंथालय एवढं तरी करा. जाण्याआधी फोन करून बाहेरच्या विद्यार्थ्यांना काय लागतं ते विचारा. संपाच्या काळातल्या इंग्रजी लेखांसाठी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चे १९८२-८३चे अंक चाळा. दुसऱ्यांनी रूपरेषा कशा केल्यात ते बघायला शोधगंगा या संकेतस्थळावर पीएचडीचे प्रबंध आहेत, नुसती अनुक्रमणिका आणि पहिलं प्रकरण उघडून बघा.

आणि कृपा करून चॅटबॉटकडून संदर्भांची यादी मागू नका. लेखक, साल, प्रकाशक सगळं झोकात असतं, फक्त पुस्तक जगात कुठेच नसतं.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! कंसांची युक्ती लगेच करून बघितली. चाळींच्या प्रकरणातले बहुतेक कंस रिकामे निघाले, आणि मुलाखतींत मात्र उधारीच्या वहीबद्दल इतकं आहे की त्याचं वेगळं प्रकरण होईल. आता क्रम असा लावलाय : प्रश्न आणि पद्धत, खानावळीचा रोजचा हिशेब (बाजार, भाडं, उधारी), कर्ज : सावकार, बँक आणि मंडळ, संपाचे महिने, त्यानंतर कोण टिकलं आणि कसं. गिरण्यांचा इतिहास पहिल्या प्रकरणात तीन पानांत.

एक शंका राहिली. एका संस्थेचा वार्षिक अहवाल आहे, त्यावर लेखकाचं नावच नाही. तो कुणाच्या नावावर लावू? आणि एका लेखातला उतारा मला दुसऱ्याच्या पुस्तकात सापडलाय, मूळ लेख कुठे मिळत नाही.

प्रतिसाद १

अहवालाला संस्था हीच लेखक, संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरावर लावा. उताऱ्यासाठी मजकुरात मूळ लेखकाचं नाव घेऊन 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' लिहा, आणि सूचीत फक्त तुम्ही हातात घेतलेलं पुस्तक द्या. न पाहिलेला लेख सूचीत नको. तोंडी परीक्षेत नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतात.

उधारीच्या वह्या कुणाकडे अजून असतील तर परवानगी घेऊन फोटो काढून ठेवा. चाळी पाडायला काढल्या की असले कागद रद्दीत जातात.