मदत हवी आहे: ‘मूरिश’ म्हणून घेतलेलं टेबल नक्की कुठलं?

मंडळी, इथे न्यू जर्सीत एका जुन्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथून गुडघ्याएवढं अष्टकोनी टेबल आणलं. काळपट जड लाकूड, खाली घोड्याच्या नालासारख्या कमानी, वर पांढऱ्या तुकड्यांची चांदण्यांची नक्षी. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, “मूरिश, १८८० च्या सुमाराचं.” नवरा म्हणतो, “असलं टेबल आमच्या आजीकडे होतं, त्यावर पानाचा डबा असायचा!”

थोडं वाचलं. मूरिश म्हणजे स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम कारागिरीच्या धर्तीचं. त्या काळी न्यूयॉर्कच्या धनाढ्यांना सिगार ओढायला एक मूरिश खोली हवी असायची. तेलसम्राट रॉकफेलरच्या घरातली तशी आख्खी खोली ब्रुकलिन म्युझियमने जपली आहे. गंमत म्हणजे ती त्याने सजवलीच नव्हती! अराबेला वर्शमबाईंनी सजवलेलं घर त्याने १८८४ मध्ये विकत घेतलं. ज्यांना खोली परवडत नसे ते दिवाणखान्याचा एक कोपरा गालिचा, उशा आणि असं टेबल मांडून ‘टर्किश’ करत. स्पेनमधलं ग्रॅनाडा, कैरो, दमास्कस, हिंदुस्थान, सगळ्याची एकच खिचडी. लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन सजावटकाराने तर १८८१ मध्ये अहमदाबादेत तिथल्या व्यापारी घराण्यातल्या हठीसिंगांबरोबर कारखाना काढून तिथलं सागवानी कोरीवकाम न्यूयॉर्कला नेलं. म्हणजे नवऱ्याचं म्हणणं अगदीच हसण्यावारी नेता येत नाही.

तर हे दमास्कसचं, आपल्याकडचं की इथेच बनलेलं? खाली देशाचं नाव नाही, म्हणजे जुनंच ना? आणि पुसायचं कशाने?

प्रतिसाद १
नावावर जाऊ नका. १८९१ पासून इथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायचं खरं, पण कागदी चिठ्ठी कधीच गळून पडते. पांढरे तुकडे भिंगातून बघा. बारीक काळे ठिपके दिसले तर हाड, रंग पालटत चमकले तर शिंपला. दमास्कसच्या कामात शिंपला भरपूर असतो. पंजाबातल्या होशियारपूरचं काम शिसमावर, त्यात हस्तिदंत किंवा हाड. हस्तिदंत निघालं तर भारतात न्यायच्या आधी कायदा बघा. ओलं फडकं अजिबात नको, सरस सुटतो. आणि वरची फळी उचलून बघा, कमानींना बिजागऱ्या आहेत का? असल्या तर घडीचं टेबल, बहुतेक आपल्याकडचंच.

धागाकर्ती
फळी उचलली. प्रत्येक सांध्याला बिजागरी आहे. ठिपकेही दिसले. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.