बूदाँमधला भात भरताड नाही

बूदाँ म्हणजे मांस आणि भात आतड्यात भरून केलेलं सॉसेज. काहीजण म्हणतात की खाद्यमहोत्सवांतल्या महागड्या बूदाँमध्ये भात कमी, मांस जास्त, म्हणून ते सरस. इथेच गल्लत होते. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या केजन (तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांच्या) बूदाँत भातच रस धरून ठेवतो.

साधं प्रमाण: 2 किलो डुकराचा खांदा आणि 250 ग्रॅम कलेजी मऊ उकडून खिमा यंत्राच्या जाड जाळीतून काढायची. त्यात किलोभर शिजलेला भात, कांद्याची पात, पार्सली, मीठ, केयेन मिरची आणि मांस उकडलेलं तेच पाणी. मिश्रण भरताना ओघळेल इतकं सैल हवं, कारण भात मुरताना पाणी पितो. तेव्हाच घट्ट ठेवलं तर खाताना कोरडं, भुसभुशीत लागतं. आतड्यात भरून 75–80 अंशांच्या पाण्यात 10–15 मिनिटं. खळखळ उकळलंत की फुटलंच.

बदकाचं मांस घाला, हरकत नाही. फक्त बदकाची चरबी लवकर सुटते, तेव्हा भात वाढवा. कलेजी मात्र वगळू नका, चव सपाट होते. आणि नाजूक चकत्या करून ताटलीत मांडणं? आतला ऐवज विस्कटतो. लुइझियानातल्या स्कॉट गावात लोक टोक चावून तो थेट तोंडात पिळतात, आतडं बहुतेकदा टाकून देतात.

आंदूई या तिथल्याच दुसऱ्या सॉसेजशी तुलना नकोच. ते जाड तुकड्यांचं, धुरावलेलं, गंबोत (तिथल्या दाट रश्श्यात) घालायचं प्रकरण.