श्रेणींना ढालचिन्ह नव्हतं, म्हणून संघटनाही नव्हती?

धागाकर्ता: लंडनच्या कापडवाल्यांच्या संघाला १४३९ साली ढालचिन्ह, म्हणजे संघाची अधिकृत निशाणी, मिळालं, आपल्याकडच्या प्राचीन कारागीर-व्यापाऱ्यांच्या श्रेणींना तसलं काही नव्हतं, म्हणजे त्या नुसत्या जाती, असं इथे एकाने ठणकावून लिहिलंय. राहवलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, क्रमांक १० मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२, शक धरला तर इ. स. १२०. नाशिकजवळच्या तेव्हाच्या गोवर्धन गावातल्या कोलिकांच्या एका निकायाकडे, म्हणजे गटाकडे, २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दुसऱ्याकडे १,०००. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज घ्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या टिकणार नाही अशा संस्थेकडे असा पैसा कोण ठेवेल?

प्रतिसाद १: कोलिक म्हणजे कोळीच ना?

प्रतिसाद २: नाही हो! दर वेळी हाच घोळ. कोलिक म्हणजे विणकर, संस्कृतातला कौलिक.

प्रतिसाद ३: ठेव घेतली म्हणजे संघ झाला? लंडनच्या सोनारांच्या मुखियांवर १३०० च्या कायद्याने चांदीचा कस बघून बिबळ्याच्या डोक्याचा शिक्का मारायची जबाबदारी टाकली. नाशिकच्या लेखात मालाच्या कसाबद्दल अक्षर नाही. आणि व्याज किती, तर शेकडा एक! २,००० वर वर्षाला २० कार्षापण. ही ठेव कसली?

प्रतिसाद ४: वर्षाला नाही, महिन्याला! ताळा लेखातच आहे. महिन्याचे २०, वर्षाचे २४०. चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, २० भिक्षूंना प्रत्येकी १२, म्हणजे २४०. पै न पै जुळते. १,००० ला दर पाऊण टक्का: महिन्याचे साडेसात, वर्षाचे ९०. ते 'कुशणमूला'साठी, म्हणजे भिक्षूंच्या बाकी खर्चासाठी.

प्रतिसाद ३: ठीक, दरमहा. मग एकाच गावात, एकाच धंद्यात दोन दर कसे?

प्रतिसाद ४: तेच तर सांगतोय! दोन निकाय, दोन करार. नुसती जात असती तर निकाय दोन आणि दर वेगळे कशाला?

प्रतिसाद ३: हा तुमचा तर्क. लेखात कारण दिलेलं नाही.

धागाकर्ता: पण हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, ऐकवलं आणि फलकावर नोंदलं, हे तर दिलंय ना? तिथेच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख वाचा. आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवी, आणि त्या घेणाऱ्यांत तेल्यांची श्रेणी आहे, पाण्याची यंत्रं करणाऱ्या ओदयंत्रिकांचीही. चिन्हच हवं असेल तर वैशालीला १९०३-०४ च्या उत्खननात 'श्रेष्ठि-सार्थवाह-कुलिक-निगम' (सावकार, तांडेवाले व्यापारी आणि कारागीर यांचा संघ) अशा मातीच्या मुद्रा निघाल्यात.

प्रतिसाद ३: त्या गुप्तकाळातल्या, बिहारातल्या. गोवर्धनच्या विणकरांना त्या चिकटवू नका. संघटना होती, एवढं मान्य करतो. कसाचा शिक्का मारत होते, हे अजून कोणी दाखवलेलं नाही.