स्वयंपाकघरातलं सिंक: ग्रॅनाइट कॉम्पोझिटच्या मोहात पडू नका, जाड स्टील घ्या

जाडपत्रा:
नवं स्वयंपाकघर करणारे बरेच जण हल्ली काळं किंवा करडं ग्रॅनाइट कॉम्पोझिटचं सिंक पसंत करतात. दिसतं देखणं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या घरात दिवसभर भांडी पडत असतात तिथे ३०४ प्रतीचं, जाड पत्र्याचं स्टेनलेस स्टीलचं सिंकच बसवावं, असं माझं ठाम मत आहे. का ते सांगते. ज्यांना पटणार नाही त्यांनी मुद्दा धरून खोडून काढावं.

कॉम्पोझिटचं सिंक अखंड दगडातून कोरलेलं नसतं. क्वार्ट्झ किंवा ग्रॅनाइटचा बारीक चुरा साधारण ८० टक्के आणि बाकीचं बहुतेक ॲक्रिलिक रेझिन, असं मिश्रण साच्यात ओतून तापवून घट्ट केलेलं असतं. जर्मनीतल्या शॉक कंपनीने १९७९ मध्ये असं सिंक पहिल्यांदा बाजारात आणलं. क्वार्ट्झची कठीणता मोह्सच्या १ ते १० अशा मापावर ७, म्हणजे सुरीच्या पात्यापेक्षाही जास्त. त्यामुळे चरे पडत नाहीत, हा दावा खरा आहे. पण ते कण एकमेकांना धरून राहतात ते रेझिनच्या जोरावर. आच, तीव्र रसायनं किंवा दणका, यातलं काहीही आलं की परीक्षा होते ती रेझिनची.

स्टीलला पोचा येतो, चरे पडतात, पण ते फुटत नाही. त्यातलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचं कवच धरतं आणि चरा पडला तरी त्या जागी ते कवच आपोआप पुन्हा तयार होतं. म्हणजे स्टील हळूहळू जुनं दिसू लागतं, पण काम देत राहतं. कॉम्पोझिट अगदी नव्यासारखं राहतं आणि एखाद्या दिवशी बिडाचं जड भांडं हातातून सुटलं की त्याला तडा जातो. तडा गेलेल्या सिंकमधून पाणी खालच्या कपाटात उतरतं, आणि सिंक ओट्याच्या खालून चिकटवलेलं असेल तर ओटाही उचकटावा लागतो. माझा आक्षेप आहे तो या अशा निकामी होण्याला.

निवांत:
तुमची तुलनाच मला मान्य नाही. तुम्ही स्टीलमधलं सगळ्यात चांगलं घेतलंत आणि कॉम्पोझिटवर सगळ्यात वाईट प्रसंग आणलात. प्रत्यक्षात लोक जे स्टील घेतात त्यातलं कितीतरी ०.८ मिलिमीटरच्या आसपासचं असतं. नळाची धार पडली तरी ते वाजतं. चमचा पडला तर शेजारच्या खोलीत कळतं. ओटा आणि बैठक एकाच मोकळ्या जागेत असेल तर हा आवाज दिवसभर डोक्यात जातो. कॉम्पोझिटची भिंत साधारण सेंटिमीटरभर जाडीची असते आणि दगडाचा चुरा कंपनं जिरवतो. तिथे भांडी घासताना माणसाला शांतपणे बोलता येतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि सिंकच्या चर्चेत तिला कुणी पुरेशी किंमत देत नाही.

रंग वरून चढवलेला नसून पूर्ण जाडीत मिसळलेला असतो, त्यामुळे झिजला तरी आतून दुसरा रंग निघत नाही. आणि तड्यांबद्दल म्हणाल, तर जड भांडं उंचावरून पडलं तर फरशीही फुटते. म्हणून कुणी फरशी टाळत नाही.

जाडपत्रा:
@निवांत, पातळ पत्रा घेऊच नये, हे तर मी शीर्षकातच म्हटलं आहे. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे साधारण १.५. आकडा लहान तितका पत्रा जाड. चांगल्या सिंकच्या पाठीला रबराचे जाड तुकडे चिकटवलेले असतात आणि वरून आवाज जिरवणारा लेप असतो. तो लेप पत्र्याबाहेर दव धरू देत नाही, त्यामुळे खालचं कपाटही कोरडं राहतं. दुकानात सिंक पालथं घालून पाहा आणि बोटाच्या पेराने ठोका. टण्ण वाजलं तर सोडून द्या, दबका ठप्प असा आवाज आला तर पुढची चौकशी करा.

फरशीची बरोबरी चुकीची आहे. फरशीवर रोज भांडी आपटत नाहीत, सिंकमध्ये आपटतात. त्यासाठीच तर ते असतं.

क्षारपाणी:
आवाज आणि तडे दोन्ही बाजूला ठेवा. मला वाटतं खरा निर्णय तुमच्या नळाला येणारं पाणी घेतं, आणि त्याबद्दल इथे अजून कुणी बोललेलं नाही.

पाणी फार जड असेल, म्हणजे लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षार असेल, तर काळं मॅट कॉम्पोझिट काही काळातच राखाडी दिसू लागतं. पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत असतो. थेंब तिथेच सुकतात, क्षाराची पुटं एकावर एक चढतात, मग त्या पुटात चहा-कॉफीचा रंग मुरतो. लोक म्हणतात सिंकला डाग पडला. बहुतेक वेळा डाग सिंकला पडलेलाच नसतो, तो वरच्या क्षाराला असतो. काहीजण त्यावर तेल चोळतात. तेलाने काळेपणा दोन दिवस परत येतो, पण क्षार जागचा हलत नाही, उलट तेलकट थरावर घाण जास्त धरते. कृपा करून हे करू नका.

जड पाण्याच्या घरात मी कुणालाही काळं कॉम्पोझिट सुचवणार नाही. घ्यायचंच असेल तर फिकट करडं किंवा वाळूच्या रंगाचं घ्या.

निवांत:
क्षारांचा मुद्दा बरोबर मांडलात, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. जड पाण्याचे ठिपके स्टीलवरही पडतात, आणि चकचकीत स्टीलवर तर लांबून दिसतात. उपायही दोन्हीकडे एकच. कॅल्शियम कार्बोनेट सौम्य आम्लात विरघळतं. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून ते थोडा वेळ मुरू द्यायचं, मऊ स्पंजने घासायचं, भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. आणि रात्री शेवटचं भांडं झालं की फडक्याने सिंक कोरडं करायचं. एवढ्याने काळं सिंकही काळंच राहतं.

जाडपत्रा:
रोज रात्री कोरडं करायचं, हे तुम्ही किती सहज म्हणालात! ज्या घरात काम करणारी माणसं थकून झोपायला जातात तिथे सिंक पुसण्याचं आणखी एक काम वाढवणं मला पटत नाही. स्टील न पुसताही चालतं, ठिपके दिसतात इतकंच, आणि ते आठवड्याने घासले तरी निघतात.

चुंबक:
स्टीलच्या बाजूने इथे जे लिहिलं जातंय त्यात एक मोठी फट आहे. स्टेनलेस म्हणजे एकच धातू नाही. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणता येतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०१ आणि २०२ या प्रतींमध्ये निकेल कमी करून त्याची जागा मँगनीजने भरलेली असते. त्या स्वस्त पडतात आणि गंजाला तितक्या टिकत नाहीत. ४३० मध्ये निकेल जवळपास नसतंच आणि त्याला चुंबक चिकटतो.

आता दुकानातली ती प्रसिद्ध चुंबकाची परीक्षा. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, असं ठासून सांगितलं जातं. २०२ लाही चुंबक चिकटत नाही! उलट अस्सल ३०४ चं सिंक ठोकून-दाबून खोल केलेलं असेल तर त्याच्या कोपऱ्यांना चुंबक किंचित ओढला जातो, कारण थंडपणी ताणल्याने धातूची अंतर्रचना थोडी बदलते. म्हणजे या परीक्षेने फार तर ४३० पकडता येतं. प्रत लेखी घ्या, बिलावर लिहून घ्या. त्याला दुसरा इलाज नाही.

कॉम्पोझिटमध्येही हीच भानगड आहे. ॲक्रिलिकऐवजी पॉलिएस्टर रेझिन वापरलेली स्वस्त सिंकं मिळतात आणि वरून पाहून फरक कळत नाही. त्यामुळे ‘स्टील चांगलं’ किंवा ‘कॉम्पोझिट चांगलं’ असं सरसकट म्हणण्याला मला अर्थ दिसत नाही.

नवाओटा:
उकळतं पाणी ओतायचं असेल तर? कॉम्पोझिटच्या माहितीपत्रकात २८० अंशांपर्यंत चालतं असं लिहिलेलं वाचलं. मग आचेची भीती कशाला?

निवांत:
नाहीच बाळगायची. उकळत्या पाण्याचे शंभर अंश त्या मानाने काहीच नाहीत.

जाडपत्रा:
@नवाओटा, माहितीपत्रकाबरोबर निगेच्या सूचना येतात, त्याही वाचा. बहुतेक ठिकाणी त्यातच लिहिलेलं असतं की शेगडीवरून उतरवलेलं भांडं थेट सिंकमध्ये टेकवू नये, खाली जाळी ठेवावी, आणि उकळतं पाणी ओतताना सोबत थंड पाण्याचा नळ सुरू ठेवावा. घाव घालतो तो तापमानातला झटका. थंडगार सिंकच्या एका जागी एकदम प्रचंड उष्णता आली की तो भाग फुगू पाहतो आणि आजूबाजूचा जागचा हलत नाही. स्टीलमध्येही असं होतं, पण स्टील लवतं, फार तर ‘टक्’ असा आवाज करतं आणि निवलं की मूळ आकारावर येतं. कॉम्पोझिटला लवणं माहीत नाही. बारीक भेग पडते, ती सुरुवातीला दिसतही नाही.

पाणी ओतण्याने सिंक लगेच फुटेल असं मी म्हणत नाही. पण हात पोळत असताना खाली जाळी आहे की नाही हे बघत बसावं लागणं, हेच मला सिंकचं अपयश वाटतं.

निवांत:
आणि स्टीलच्या निगेच्या सूचना कोण वाचणार? ब्लीच सांडून तसंच राहिलं तर त्यातले क्लोराइड स्टीलचं कवच भेदतात आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते खड्डे भरून येत नाहीत. ओली लोखंडी तारेची घासणी सिंकमध्ये विसरली की गंजाचा डाग. तुमच्या ‘आपोआप तयार होणाऱ्या कवचा’लाही मर्यादा आहेत, त्याही सांगा ना. चरे तर पहिल्याच आठवड्यात पडतात आणि मग लोक म्हणतात, स्टील वापरून वापरून छान दिसायला लागतं. मला तरी चरे पडलेला पत्रा छान दिसत नाही.

जाडपत्रा:
ब्लीचबद्दल पूर्ण सहमत, स्टीलवर ते ठेवूच नये. चऱ्यांबद्दल एकच सांगते. ब्रश फिनिशचं, म्हणजे बारीक समांतर रेघा असलेलं सिंक घ्या आणि घासताना हात रेघांच्या दिशेनेच फिरवा, गोल गोल नको. चरे मूळ रेघांत मिसळून जातात. चकचकीत फिनिश मात्र रोजच्या वापराला घेऊ नका.

हिरवंघर:
एक मुद्दा राहिला. सिंक निरुपयोगी झाल्यावर स्टील भंगारात जातं, वितळतं आणि पुन्हा स्टील होतं. रेझिनमध्ये घट्ट झालेला दगडाचा चुरा वितळवून पुन्हा वापरता येत नाही. मला तरी निवड करायला एवढं कारण पुरतं.

काळंस्टील:
मग पीव्हीडी लेपाचं, म्हणजे निर्वात पोकळीत वाफेतून पातळ थर चढवलेलं काळं स्टील का नको? रंगही मिळतो, धातूही राहतो.

चुंबक:
लेप कठीण असतो, पण अत्यंत पातळ. तो कापला गेला की खालची चंदेरी रेघ काळ्यावर ठळक दिसते आणि ती घासून बुजवता येत नाही, कारण घासलं तर आणखी लेप जाईल. चऱ्यांना घाबरून कॉम्पोझिटकडे वळणाऱ्याला हे नक्कीच आवडणार नाही.

ओटेबांधणी:
सिंक बसवण्याचं काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंना काही सांगायचं आहे.

कॉम्पोझिट फुटतं त्यातलं बरंच बसवताना फुटतं. पाणी जाण्याच्या भोकातल्या जाळीची नट पान्याने करकचून आवळली की भोकाच्या कडेपासून भेग निघते. वॉशर नीट बसवून हाताने आवळायची आणि पान्याने जेमतेम पाव फेरा द्यायचा. नळाचं भोक मागच्या खुणेवरूनच पाडायचं, हातोड्याने ठोकून काढायची घाई करायची नाही. सिंक जड असतं, त्यात पाणी आणि भांडी आली की वजन आणखी वाढतं. म्हणून ओट्याखालून लावताना नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर सोडायचं नाही, खाली चौकटीचा आधार हवाच.

स्टीलमध्ये हल्ली काटकोनी कोपऱ्यांची सिंकं फार मागतात. तळाच्या त्या कोपऱ्यांत फडकं पोचत नाही, चिकट घाण धरते. साधारण १० मिलिमीटरची गोलाई असलेले कोपरे घ्या, दिसायला तितकेच सरळ वाटतात. आणि तळाला जाळीकडे उतार आहे ना ते पाहा. सपाट तळात पाणी साचतं, मग स्टील असो की कॉम्पोझिट, क्षार धरणारच.

निवांत:
@ओटेबांधणी, तडा गेला तर ओटा उचकटावा लागतो, असं वर म्हटलंय. हे कितपत खरं?

ओटेबांधणी:
बसवण्याच्या पद्धतीवर आहे. कड ओट्याच्या वर टेकणारं सिंक असेल तर सिलिकॉन कापून, खालच्या पकडी सोडवून ते वरून उचलून काढता येतं, ओट्याला धक्का लागत नाही. खालून लावलेलं असेल तर कपाटातून आडवं होऊन सिलिकॉन कापावं लागतं, पण कपाटाची रुंदी पुरेशी असेल तर तेही ओटा न हलवता निघतं. ओटा उचकटावा लागतो तो सिंकच्या कडा ओट्याच्या दगडात आणि खालच्या बांधकामात सिमेंटने पक्क्या केलेल्या असतील तेव्हा. तसं बसवलेलं स्टीलचं सिंक बदलतानाही ओटा तोडावाच लागतो. त्यामुळे कॉम्पोझिट घ्यायचं असेल तर वरून टेकणारं घ्या, आणि ओट्याचं भोक कापण्याआधी सिंक घरात आणून ठेवा. मापाच्या कागदावर विसंबून कापलेलं भोक मोठं झालं तर ते लहान करता येत नाही.